व्हेपच्या पडद्यावरचे तापमान नेमके कशाचे?

इंदूरमधून जाणारा आग्रा-मुंबई रस्ता पलासिया चौकातून पुढे सरकतो. या चौकापासून 'छप्पन दुकान' ही शहराची प्रसिद्ध खाऊगल्ली फार दूर नाही. सकाळी पोहे-जिलेबी, संध्याकाळी खोबऱ्याचे पॅटिस आणि हॉट डॉग यांसाठी येथे गर्दी लोटते आणि त्या गर्दीत विद्यार्थ्यांचा भरणा मोठा असतो. होळकरांच्या काळापासून मराठी कुटुंबे नांदत असलेल्या या शहरात भारतीय व्यवस्थापन संस्था आहे, भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे, शिवाय स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांचे जाळे आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून येथे मुले येतात. शहर कोणतेही असो, घरापासून दूर राहणाऱ्या या वयाच्या मुलांच्या खिशात आज एक वस्तू सापडण्याची शक्यता असते. गोव्यातील पालकांनाही ती आता अपरिचित राहिलेली नाही. ती वस्तू म्हणजे व्हेप, अर्थात ई-सिगारेट.

पालकाने हटकले की पुष्कळदा एक ठरावीक उत्तर मिळते. हे यंत्र साधे नाही, यात तापमान ठरवता येते, आत कापूस नसून सिरॅमिक आहे, त्यामुळे काही जळत नाही आणि जळत नाही म्हणून अपायही नाही, असे ते उत्तर असते. यंत्राच्या छोट्या पडद्यावर २२० असा आकडाही दिसतो. थर्मामीटरवरच्या आकड्यावर शंका घेण्याची आपल्याला सवय नसल्याने ऐकणारा गप्प बसतो. वास्तविक या यंत्रात थर्मामीटर नसतोच. मग पडद्यावरचा आकडा येतो कोठून आणि त्यावर किती भिस्त ठेवावी, हे समजून घेण्यासाठी शालेय भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

व्हेपची रचना अगदी थोडक्यात अशी असते. एका बाजूला विजेरी आणि तिचे नियमन करणारी चिप असते. मोठ्या, पेटीसारख्या यंत्रात हा भाग वेगळा असतो आणि त्यालाच 'मॉड' म्हणतात. त्यावर फिरवून बसवण्याचा भाग म्हणजे ॲटोमायझर. त्यात द्रवाची छोटी टाकी आणि तारेचे वेटोळे असते. तारेतून वीज गेली की ती तापते आणि तिच्याभोवतीचा द्रव वाफ होऊन बाहेर पडतो. खरे पाहता ही नुसती वाफ नव्हे, हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म थेंबांचे ते धुके असते. द्रव प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचे मिश्रण असून त्यात निकोटिन आणि स्वादद्रव्ये घातलेली असतात. होन लिक या चिनी औषधनिर्मात्याने २००३ च्या सुमारास आधुनिक ई-सिगारेट घडवली. त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले होते आणि तो स्वतः धूम्रपान करीत असे. सिगारेट सुटावी म्हणून जन्मलेले साधन सिगारेटला कधी हातही न लावलेल्या मुलांच्या ओठांशी पोहोचले, हा पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे.

सुरुवातीच्या यंत्रांत फक्त शक्ती कमी-जास्त करता येई. किती वॅट द्यायचे ते वापरणाऱ्याने ठरवायचे, तार किती तापली याचा पत्ता कोणालाच नसे. २०१४ मध्ये अमेरिकेतील इव्हॉल्व्ह या कंपनीने डीएनए ४० नावाची चिप बाजारात आणली आणि 'तापमान नियंत्रण' हा शब्द या क्षेत्रात रुळला. लगोलग २०१५ च्या आरंभी पोर्टलंड स्टेट विद्यापीठातील संशोधकांचे एक पत्र 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. ३.३ व्होल्टवर चालवलेल्या यंत्राच्या धुक्यात त्यांना फॉर्मल्डिहाइड सोडणारी संयुगे आढळली नव्हती. तेच यंत्र ५ व्होल्टवर चालवल्यावर ती लक्षणीय प्रमाणात आढळली. फॉर्मल्डिहाइड हा कर्करोगकारक पदार्थ आहे. त्यावर वाद झाला. इतक्या तापलेल्या कोरड्या यंत्राचा झुरका माणूस घेऊच शकणार नाही, तो इतका कडवट असतो, असा आक्षेप ग्रीसमधील संशोधकांनी नोंदवला. वाद कोणत्या बाजूने सुटतो यापेक्षा त्यातून एक गोष्ट निर्विवादपणे पुढे आली, ती येथे महत्त्वाची आहे. याच द्रवातून काय निघेल, हे बऱ्याच अंशी तो किती तापतो यावर ठरते. त्यामुळे तापमानाला लगाम घालणारे यंत्र हवेहवेसे वाटणे स्वाभाविक होते.

आता त्या लगामाची घडण पाहू. धातूची तार तापली की तिचा विद्युत रोध वाढतो. प्रत्येक धातूचा रोध किती वेगाने वाढतो ते ठरलेले असते आणि त्याला रोधाचा तापमान गुणांक म्हणतात. तार थंड असताना तिचा रोध किती होता आणि आता किती आहे, हे दोन आकडे कळले व धातू कोणता ते ठाऊक असले की तापमान गणिताने काढता येते. युक्ती नवी नाही. ह्यू कॅलेंडर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८७ मध्ये याच तत्त्वावर प्लॅटिनमच्या तारेचा भरवशाचा तापमापक सिद्ध केला आणि त्याचे वंशज आजही कारखान्यांत व प्रयोगशाळांत काम करीत आहेत. फरक एवढाच की तेथे प्लॅटिनमची शुद्धता, तारेची जोडणी, आरंभीचा रोध हे सारे काटेकोरपणे तपासलेले असते. व्हेपमध्ये तापवणारी तार आणि मोजणारी तार एकच असते, ती सतत द्रवाने माखलेली असते आणि ती फिरवून बसवण्याच्या जोडावर असते.

मॉडची चिप तारेतून वीज सोडतानाच सेकंदात अनेक वेळा तिचा रोध मोजते. ठरवलेल्या तापमानाला जो रोध असायला हवा तो आला की ती शक्ती कमी करते. पडद्यावरचे २२० हे मोजलेले तापमान नसून रोधावरून काढलेला निष्कर्ष आहे. निष्कर्ष काढायला चिपला धातूचे नाव आणि थंड तारेचा रोध या दोन गोष्टी आधी कोणीतरी खऱ्या सांगाव्या लागतात.

धातूपासून सुरुवात करू. निकेलचा रोध प्रत्येक अंश सेल्सिअसला सुमारे ०.६ टक्के वाढतो, टायटॅनियमचा सुमारे ०.३५ टक्के, तर ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचा ०.१ टक्क्याहूनही किंचित कमी. कँथल नावाचा मिश्रधातू हीटरमध्ये सर्रास वापरतात. त्याचा रोध तापल्यावर जवळजवळ बदलतच नाही. हीटरसाठी हा गुण चांगला असला तरी तापमान नियंत्रणासाठी कँथल निरुपयोगी ठरतो, कारण चिपला वाचायला काही उरतच नाही. ज्या ॲटोमायझरमध्ये कँथलची तार आहे त्यात तापमानाचे बटण कितीही फिरवले तरी तापमानाचे नियंत्रण होत नाही. बरीचशी यंत्रे अशा वेळी निमूटपणे शक्तीच्या पद्धतीवर जातात.

चुकीचा धातू निवडल्यास काय होते, याचे गणित रंजक आहे आणि थोडे धास्ती वाढवणारेही. यंत्र 'निकेल'वर लावले, तापमान २२० अंश ठेवले, पण आत प्रत्यक्षात स्टेनलेस स्टीलची तार आहे असे समजू. निकेलच्या हिशेबाने २० अंशांवरून २२० अंशांवर जाताना रोध २.२ पट व्हायला हवा. स्टीलचा रोध तितका व्हायला, त्याच गुणांकाने हिशेब केला तर, तेराशे अंशांच्या आसपास तापमान लागेल. तेवढे ते होत नाही, पण मुद्दा असा की चिप रोध वाढण्याची वाट पाहत बसते, रोध काही वाढत नाही आणि लगाम म्हणून जे बसवले ते अस्तित्वातच राहत नाही. उलट चूक झाली, म्हणजे यंत्र स्टीलवर आणि तार निकेलची, तर पन्नासेक अंशांनाच चिप वीज आवरते आणि वाफच येत नाही. दुसरी चूक लगेच लक्षात येते. पहिली मात्र भरपूर वाफ देते. त्यामुळे वापरणाऱ्याला यंत्र उत्तम चालले आहे असेच वाटते.

दुसरी गोष्ट थंड रोधाची. अर्ध्या ओहमची स्टीलची तार २० अंशांवरून २२० अंशांवर गेली की तिचा रोध ०.५ वरून सुमारे ०.५९ ओहम होतो. दोनशे अंशांचा सगळा पसारा एका ओहमच्या दहाव्या भागाहूनही कमी बदलात बसवायचा असतो. यात फक्त ०.०१ ओहमची चूक झाली तर तापमानाचा अंदाज वीस-बावीस अंशांनी चुकतो. ॲटोमायझर नीट घट्ट बसलेला नसणे, जोडावर द्रवाचा चिकट थर साचणे, आट्यांत धूळ जाणे, एवढ्यानेही इतकी चूक सहज होऊ शकते. निकेलमध्ये बदल मोठा असल्याने चूक त्या मानाने कमी होते, पण निकेलची तार मऊ असते आणि या धातूची ॲलर्जी असणारे लोकही पुष्कळ आहेत.

येथे सिरॅमिकचा प्रवेश होतो. कापसाच्या वातीऐवजी सच्छिद्र सिरॅमिकचा, म्हणजे भाजलेल्या मातीच्या जातीचा, पोकळ दंडगोल घेतात आणि तार त्यात रुतवतात किंवा त्याच्या आतल्या पृष्ठावर बसवतात. सूक्ष्म छिद्रांतून केशाकर्षणाने द्रव आत झिरपतो. तो तारेजवळ आला की वाफ होतो. चव स्वच्छ येते, वात वारंवार बदलावी लागत नाही, करपण्याचा वास येत नाही, असे त्याचे गुण सांगितले जातात आणि ते खोटे नाहीत.

परंतु मातीचा स्वभाव गोमंतकीय घरांना सांगायला नको. मातीच्या भांड्यातले हुमण चुलीवरून उतरवले तरी बराच वेळ रटरटत राहते. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात असे होत नाही. माती सावकाश तापते आणि धरलेली उष्णता सावकाश सोडते. सिरॅमिकचे ॲटोमायझरही असेच वागते. पहिल्या झुरक्याला तार २२० अंशांवर पोहोचते, चिप समाधानाने वीज कमी करते, पण भोवतालचे सिरॅमिक अजून पुरते तापलेले नसते. वाफ पातळ येते. वापरणारा आकडा २४० वर नेतो. दुसरा झुरका बरा येतो. तिसऱ्या-चौथ्याला सिरॅमिक स्वतःच उष्णतेचा साठा बनलेले असते आणि वाढवलेला आकडा मात्र तसाच राहतो. कापसाच्या वातीला समजून लिहिलेले नियम सिरॅमिकला जसेच्या तसे लागू केले की हा घोळ होतो. म्हणून सिरॅमिकसाठी आकडा खालून सुरू करावा, शक्ती माफक ठेवावी आणि दोन झुरक्यांत अंतर सोडावे, असे जाणकार सांगतात. ज्या देशांत ही साधने कायदेशीर आहेत तेथे हा सल्ला उपयोगाचा आहे.

याहून मोठी अडचण थंड रोधाच्या नोंदीत आहे. नवे ॲटोमायझर बसवले की चिप त्या क्षणीचा रोध 'थंड' म्हणून लिहून घेते. सिरॅमिक लवकर थंड होत नसल्याने काढून लगेच परत बसवलेले ॲटोमायझर आतून कोमट असण्याची शक्यता कापसाच्या मानाने अधिक. समजा तार ६० अंशांवर असताना चिपने तिला २० अंशांची मानले. वरच्याच अर्ध्या ओहमच्या तारेचा हिशेब केला तर पडद्यावर २२० दिसत असताना तार प्रत्यक्षात सुमारे २६७ अंशांवर जाते. सत्तेचाळीस अंशांचा फरक पडतो आणि त्याची सूचना कोठेही मिळत नाही. टाकी भरताना ॲटोमायझर काढून पुसून पुन्हा बसवण्याची क्रिया दिवसातून दोन-तीनदा होते, हे लक्षात घेतले म्हणजे ही चूक किती सहज घडू शकते ते समजते.

याशिवाय चिपला कळतो तो संपूर्ण तारेचा मिळून रोध. तारेचा एक भाग द्रवात भिजलेला आणि दुसरा कोरडा पडलेला असला तर कोरडा भाग कितीतरी अधिक तापलेला असतो, पण चिपला दोहोंची सरासरीच दिसते. सिरॅमिक उष्णता वाहून नेण्यात मंद असल्याने अशी तप्त ठिकाणे लवकर निवळत नाहीत. ग्लिसरीनचे प्रमाण जास्त असलेला दाट द्रव लहान छिद्रांतून सावकाश झिरपतो, तेव्हा ती होण्याचा संभव वाढतो.

द्रव जोपर्यंत भरपूर आहे तोपर्यंत खरे नियमन चिप करीत नसून द्रवच करीत असतो, हे फारसे कोणी सांगत नाही. पातेल्यात पाणी आहे तोवर पातेले शंभर अंशांच्या फार वर जात नाही. पाणी आटले की काही क्षणांत ते लालबुंद होऊ शकते. प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळते, ग्लिसरीन २९० अंशांना आणि मिश्रण या दोहोंच्या मध्ये कोठेतरी. ओली तार आपोआप त्या पट्ट्यात राहते. तापमान नियंत्रणाची खरी गरज द्रव कमी पडतो त्या वेळी असते, आणि नेमक्या त्याच वेळी तारेचे तापमान ठिकठिकाणी वेगळे झाल्याने चिपचा अंदाज सर्वांत कच्चा असतो. अति तापलेल्या ग्लिसरीनमधून ॲक्रोलिन निघते. कढईत तेल जळाल्यावर नाका-डोळ्यांना झोंबणाऱ्या धुराचा झोंबरेपणा मुख्यतः याच द्रव्याचा असतो.

कापसाची वात कोरडी पडली की करपते. तो वास इतका भयंकर असतो की माणूस यंत्र झटकन तोंडातून काढतो. गैरसोयीची असली तरी ती धोक्याची घंटा होती. सिरॅमिक करपत नाही, म्हणजे त्यातली ती घंटाच काढून टाकलेली आहे. द्रव विघटित होऊ लागल्याची चव येते, पण ती सौम्य असते आणि आंबा, पुदिना, बर्फगार स्वाद यांच्या दाट थरामागे लपते. 'काही जळत नाही' हे वाक्य म्हणूनच अर्धे खरे आहे. वात जळत नाही, द्रवाची हमी मात्र कोणी दिलेली नाही.

इतके सगळे बिनचूक जमवले, धातू ओळखला, थंड रोध नीट नोंदवला, सिरॅमिकला विसावा दिला, तरी काय साधते? तापमानामुळे होणारे विघटन कमी होते, इतकेच. निकोटिन तेवढेच राहते आणि त्याचे व्यसन तापमान पाहून लागत नाही. खाण्यास सुरक्षित ठरलेली स्वादद्रव्ये श्वासावाटे सुरक्षित असतात असे नाही. पोटाला पचवण्याची सोय आहे, फुप्फुसाला ती नाही. तारेतून आणि जोडांतून धातू धुक्यात उतरतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वापरात असलेल्या यंत्रांच्या धुक्यात निकेल, क्रोमियम, मँगेनीज आणि शिसे आढळले होते. बाटलीतल्या मूळ द्रवापेक्षा तारेच्या संपर्कात आलेल्या द्रवात त्यांचे प्रमाण बरेच अधिक होते.

२०१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत तरुण रुग्ण धाप लागून रुग्णालयांत येऊ लागले. फेब्रुवारी २०२० पर्यंत तेथील रोग नियंत्रण केंद्राकडे रुग्णालयात दाखल झालेल्या किंवा मृत्यू पावलेल्या २,८०७ रुग्णांची नोंद झाली होती. त्यांपैकी ६८ दगावले होते. मुख्य संशय गांजातील टीएचसी या द्रव्याच्या चोरट्या बाजारातल्या कुप्यांत मिसळलेल्या 'ई' जीवनसत्त्वाच्या ॲसिटेटवर गेला. त्वचेला लावायच्या मलमात निरुपद्रवी असलेला हा पदार्थ फुप्फुसात घातक ठरला. त्या रुग्णांपैकी कोणाचे यंत्र किती अंशांवर लावले होते, हा प्रश्न तेथे गौणच होता. कुपीत काय आहे, ते ओढणाऱ्याला ठाऊक नव्हते.

नेमका हाच मुद्दा भारतात अधिक धारदार होतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मे २०१९ मध्ये श्वेतपत्रिका काढून संपूर्ण बंदीची शिफारस केली. १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात या साऱ्यावर त्याने बंदी घातली. उत्पादन-विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'वापर' हा शब्द या यादीत नाही, याचा आधार घेऊन मुले निर्धास्त राहतात. परंतु आयात आणि वाहतूक यादीत आहेत. बँकॉकहून किंवा दुबईहून येताना सामानात टाकलेले एखादे यंत्र दाबोळीला किंवा मोपाला सीमाशुल्क अधिकाऱ्यांच्या हाती लागले तर ते जप्त होते. हौसेखातर आणले, हा बचाव तेथे चालत नाही.

बंदीमुळे वस्तू नाहीशी झाली असे मात्र नाही. जप्तीच्या बातम्या इंदूरपासून मुंबईपर्यंत आणि गोव्यातूनही येत असतात. बंदी उठवावी की अधिक कडक करावी, यावर मतभेद असू शकतात. ब्रिटनने वेगळी वाट धरली आहे. तेथे धूम्रपान सोडू पाहणाऱ्या प्रौढांना व्हेपची शिफारसही केली जाते. मात्र निकोटिनला प्रतिमिलिलिटर २० मिलिग्रॅमची आणि टाकीला २ मिलिलिटरची मर्यादा आहे, विकण्यापूर्वी घटकांची माहिती सरकारला द्यावी लागते आणि एकदाच वापरून फेकायच्या व्हेपवर १ जून २०२५ पासून तेथेही बंदी आली. लंडन किंवा लेस्टरच्या एखाद्या आप्ताने 'तिकडे डॉक्टरच सांगतात' असे म्हटले तर ते चूक नसते. पण तो सल्ला तिथल्या तपासलेल्या मालासाठी आणि सिगारेट ओढणाऱ्या माणसासाठी असतो. पलासियात किंवा मिरामारला हातोहात मिळालेल्या डबीला आणि कधीही सिगारेट न ओढलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला तो लागू होत नाही.

तापमान नियंत्रणाचा पहिलाच प्रश्न 'तार कशाची आहे' हा असल्याचे वर पाहिले. चोरट्या बाजारात या प्रश्नाला उत्तर देणारे कोणी नसते. डबीवर ३१६ स्टील लिहिलेले असले तरी आत कँथल असू शकते. नामवंत नावाची नक्कल असू शकते. द्रवाच्या बाटलीवरचे निकोटिनचे प्रमाण खरे असेल किंवा नसेल. तक्रार करावी तर घेणाऱ्याकडे पावती नसते आणि विकणाऱ्याला परवाना नसतो. ज्या माहितीवर पडद्यावरचा आकडा उभा असतो तीच येथे गैरहजर असते. एकदाच वापरून फेकायच्या रंगीत कांड्यांत तर तापमानाची सोय बहुधा नसतेच, तरी त्यांच्या वेष्टनावर 'सिरॅमिक कॉइल' हे शब्द अभिमानाने छापलेले आढळतात.

घरात असे यंत्र सापडले तर आरडाओरड करण्याआधी त्याकडे नीट पाहणे बरे. विजेरी फुगलेली, सोललेली किंवा गरम लागत असेल तर ते चार्जिंगला लावू नये. या लिथियम विजेऱ्या पेट घेतात आणि अशा अपघातांत चेहऱ्याला व मांडीला भाजल्याच्या नोंदी जगभर आहेत. द्रवाची बाटली लहान मुलांच्या हाती पडू देऊ नये. निकोटिनचा द्रव गिळल्यास विषबाधा होते आणि काही प्रमाणात तो त्वचेतूनही शोषला जातो. मुलाला धाप, छातीत दुखणे, कोरडा खोकला, ताप, उलट्या यांपैकी काही होत असेल तर डॉक्टरांना व्हेपविषयी स्पष्ट सांगावे. लाजेखातर ते लपवले गेले आणि उपचार न्यूमोनियाचे होत राहिले, तर दिवस वाया जातात. शक्य असल्यास यंत्र आणि बाटली पिशवीत घालून सोबत न्यावी. आत काय होते हे ओळखायला ती पडद्यावरच्या कोणत्याही आकड्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

सोडायची इच्छा असलेल्यांसाठी केंद्र सरकारची तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर आहे. निकोटिनचे च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळते, परंतु दिवसाला किती घ्यावे हे आधीच्या सवयीवर ठरते. व्हेप ओढणाऱ्याला आपण दिवसभरात किती निकोटिन घेतो, हे बहुधा सांगता येत नाही. सिगारेट संपली की विझते, व्हेपला तसा शेवट नसतो. म्हणून डॉक्टर किंवा समुपदेशक पहिल्याच भेटीत बाटली किती दिवसांत संपते, सकाळी उठल्यावर पहिला झुरका किती वेळाने घेतला जातो आणि रात्री त्यासाठी झोपमोड होते का, असे प्रश्न विचारतात. यंत्र किती वॅटचे आणि किती अंशांवर लावले होते, हे ते क्वचितच विचारतात.